रक्त द्यायला ठाण्याला

चिपळूणहून माणसं ठाण्याला लग्नाला जातात, मुलांकडे राहायला जातात, क्वचित कोर्टाच्या कामाला जातात. मी रक्त द्यायला गेले. परत आल्यापासून आळीत भेटेल तो एकच विचारतो, रक्त काय इथे देता येत नव्हतं? प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

मी एका मंगल कार्यालयाची व्यवस्था बघते. पानं किती, खुर्च्या किती, आचारी कधी येणार, वऱ्हाड कुठे उतरणार, अशा याद्या करण्यावर माझं पोट आहे, त्यामुळे मला सरळ प्रश्न आवडतात. माझ्या बहिणीची मुलगी केतकी हिने फोनवर तसाच प्रश्न विचारला.

"मावशी, तू कुठली गोळी घेतेस?"

"कुठलीच नाही."

"डोकं दुखलं तर?"

"झोपते."

"मग ठाण्याला ये," ती म्हणाली.

केतकी वागळे इस्टेटमधल्या एका लहान कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. तीन वर्षं ती एक पेप्टाइड तयार करतेय. पेप्टाइड म्हणजे काय ते पुढे येईलच. त्याची परीक्षा माणसाच्या ताज्या, वाहत्या रक्तात घ्यायची होती आणि त्यासाठी लागणारा पंप दुसऱ्या संस्थेकडून उसना आणला होता. तो शनिवारी संध्याकाळी परत जाणार होता. दोन माणसांचं रक्त कमी पडत होतं. तेवढं झालं नाही तर कंपनी तिचं काम कपाटात ठेवून दुसऱ्याचं पुढे घेणार होती. अट अशी, की देणाऱ्याने दहा दिवसांत ऍस्पिरीन किंवा दुखण्यावरची कुठलीही गोळी घेतलेली नसावी. ही अट ठाण्यात भारी पडते, असं तिचं म्हणणं. तिथे कुणाचा गुडघा असतो, कुणाचा दात, कुणाचं डोकं. नातेवाईक चालतील का, हे तिने अशा प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीला विचारून घेतलं होतं. रक्ताची नळी कोणाची ते निकाल बघणाऱ्याला कळता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं. एक रक्त तिच्या वडिलांचं ठरलं होतं. दुसरं माझं.

खोपट, गुरुवार

एसटीचा प्रवास सांगत नाही. जो त्या रस्त्याने गेलाय त्याला तो पाठ आहे, जो गेला नाही त्याने सुखात राहावं. माजिवड्याला पुलावर पूल आणि त्यावर आणखी एक असा तिढा दिसला की ठाणं आलं समजायचं आणि पिशव्या गोळा करायच्या.

खोपटच्या डेपोत केतकी आणि भाऊजी न्यायला आले होते. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, केतकीचे बाबा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, गप्पिष्ट, आणि पाहुण्याची बॅग स्वतः उचलल्याशिवाय चैन न पडणारे.

आम्ही उभे होतो तिथेच गुहागरची गाडी लागत होती. ती थांबायच्या आधी एक गृहस्थ तिच्याबरोबर धावत गेले आणि त्यांनी खिडकीतून आत रुमाल टाकला. मागून एक बाई चढल्या, त्यांनी सीटवरचा रुमाल पाहिला, सुस्कारा सोडला आणि पुढे सरकल्या. नियम आमच्याकडचाच. रुमाल पडला म्हणजे माणूस बसला. भाऊजी कौतुकाने बघत होते. लग्नानंतरची कितीतरी वर्षं गणपतीत चिपळूणला येताना ते असाच रुमाल टाकायचे आणि त्यांचा नेम कधी चुकत नसे, असं ताई अजून सांगते.

"मावशी, माझा पेप्टाइड म्हणजे हा रुमाल," केतकी म्हणाली.

मी म्हटलं, आधी खाऊ, मग रुमाल.

मिसळ खाल्ली. ठाण्यात मिसळीला ज्या तऱ्हेचं तिखट घालतात ते बघून चिपळूणच्या माणसाला सोलकढी आठवते. मी पाव बुडवत होते आणि केतकी समजावत होती. रक्तवाहिनीला आतून गुळगुळीत अस्तर असतं. ते खरवडलं गेलं की खालचे कोलॅजेन नावाचे धागे उघडे पडतात. रक्तातल्या प्लेटलेट्स वाहता वाहता तिथे अडकतात, चिकटतात आणि बाकीच्यांना हाका मारतात. मग ढीग होतो. बोट कापल्यावर हा ढीग आपल्याला वाचवतो. पण हृदयाची अरुंद झालेली नळी फुगा घालून रुंद केली की तीही आतून खरवडली जाते, आणि तिथे ढीग झाला तर नळीच बंद. म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या देतात. त्या अंगभर काम करतात, त्यामुळे दुसरीकडे कुठे रक्त येऊ लागलं तर तेही लवकर थांबत नाही.

केतकीचा पेप्टाइड रक्ताच्या वाटेला जात नाही. ती अमिनो आम्लांची इवलीशी माळ, यंत्रात एकेक मणी ओवून केलेली. जिथे कोलॅजेन उघडं पडलंय तिथेच ती जाऊन बसते. जागा धरलेली. प्लेटलेट्स येतात, रुमाल बघतात आणि पुढे जातात.

भाऊजींनी पावाचा तुकडा खाली ठेवला. "आणि प्रवाह जोराचा असला तर? आमच्या कालव्यात सगळं टिकायचं, पाणी सोडेपर्यंत."

"बाबा, तेच तर बघायचंय. पंप त्यासाठीच आहे."

डोंबिवली, गुरुवार संध्याकाळ

ताईच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्तीला काढली होती. भाऊजी माझी बॅग घेऊन पुढे, मी मागे. दुसऱ्या मजल्यावर ते थांबले आणि सोसायटीचा सूचनाफलक वाचू लागले. पाण्याच्या टाकीची सफाई, वाहनतळावर मुलांनी क्रिकेट खेळू नये, अशा तीनच सूचना होत्या. त्यांनी त्या बराच वेळ वाचल्या. डोंबिवलीत सूचना इतक्या मनावर घेतात याचं मला बरं वाटलं. आमच्या कार्यालयात 'हात धुऊन नळ बंद करा' ही पाटी आजवर कोणी वाचलेली नाही.

दुसरं नवल पोळ्यांचं. संध्याकाळी ताई म्हणाली, चल पोळ्या आणू. मला वाटलं पीठ आणू म्हणतेय. कोपऱ्यावर पोळीभाजी केंद्र होतं. ऑफिसातून परतणाऱ्या बाया, पुरुष, एक कॉलेजचा मुलगा, सगळे रांगेत, आणि आत चार बायका तव्यावर वाऱ्याच्या वेगाने पोळ्या टाकतायत. ताईने आकडा सांगितला, कागदात गुंडाळलेल्या गरम पोळ्या घेतल्या आणि वर मलाच ऐकवलं, "तू तिकडे एवढी लग्नं पार पाडतेस आणि घरी येऊन स्वतः पोळ्या लाटतेस. सांग, शहाणी कोण?"

मी चालता चालता एक तुकडा मोडून खाल्ला. पोळ्या मऊ होत्या.

डोंबिवली, शुक्रवार सकाळ

आमच्याकडे चालायचं म्हणून कोणी चालत नाही. मासे आणायला जातो, तेवढं चालणं होतं. डोंबिवलीत मात्र पहाटे मैदानावर अर्धं गाव गोल गोल फिरतं आणि मग आपापल्या कट्ट्यावर बसतं. भाऊजींच्या कट्ट्यावर सात-आठ निवृत्त मंडळी होती. प्रमुख नाना करमरकर, बँकेत अधिकारी होते. हृदयाच्या नळीत स्टेंट बसवून आलेले आणि त्यामुळे कट्ट्यावर डॉक्टरच्या खालोखाल मान असलेले.

भाऊजींनी माझ्या येण्याचं कारण सांगितलं तेव्हा कट्ट्यावर गोंधळ उडाला. प्लेटलेट म्हटलं की इथल्या प्रत्येकाला डेंग्यू आठवतो. एकाने पपईच्या पाल्याचा रस किती दिवस प्यायला ते सांगितलं, दुसऱ्याने किवी किती खाल्ली ते.

"आम्ही जीव टाकून त्या वाढवतो," नाना मला म्हणाले, "आणि तुमची भाची त्यांना थांबवते. मुलीला सांगा, आधी आमच्याशी बोल."

मग डबा निघाला. ही या कट्ट्याची पद्धत. स्टीलचा, दोन कप्प्यांचा डबा रोज एका हातातून दुसऱ्या हातात जातो. उजव्या कप्प्यात भिजवलेले बदाम आणि भाजलेलं जवस, डाव्यात काहीतरी बारीक पांढरं. डबा आला की कोणी नाही म्हणत नाही, देवळातल्या तीर्थासारखं हात पुढे करतात. मी मात्र नको म्हटलं. आज नेहमीचं सोडून काही खायचं नाही, असं केतकीने बजावलं होतं. भाऊजींनी दोन्ही कप्प्यांतलं घेतलं. पांढरं बडीशेपेच्या गोळ्यांपैकी असेल असं मला वाटलं आणि मी ते तिथेच विसरून गेले.

वागळे इस्टेट, शुक्रवार

एका बाजूला गिअर कापण्याचा कारखाना, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी करणारे, मध्ये जिना. खाली तेलाचा वास, वर स्पिरिटचा. या जिन्यातही भाऊजी मध्ये थांबले, पण इथे वाचायला काही नव्हतं, म्हणून बुटाची नाडी बांधत बसले. ताईही आली होती. तिला रक्ताशी काही देणंघेणं नव्हतं. केतकीचे कान टोचले तेव्हा केतकी रडली आणि ताई बेशुद्ध पडली, हे आमच्या घराण्यात सगळ्यांना माहीत आहे. ती आमच्यासाठी इडल्यांचा डबा घेऊन आली होती आणि मुलगी काम कुठे करते ते एकदा बघायचं होतं.

प्रयोगशाळेच्या डॉक्टर मेघना यांनी आम्हाला कोचावर बसवून प्रश्न विचारले. मी, माझ्या शेजारी भाऊजी, त्यांच्या शेजारी मांडीवर डबा घेतलेली ताई. मधुमेह? नाही. दुखण्यावरची गोळी? नाही. आणखी काही रोजचं औषध? मी नाही म्हटलं. भाऊजींनी एकदा ताईकडे पाहिलं आणि तेही नाही म्हणाले.

रक्त घेतलं. ताई तेवढा वेळ खिडकीकडे तोंड करून गिअरचा कारखाना बघत राहिली. केतकीचा सहकारी सागर याने दोन्ही नळ्यांवरची नावं झाकून एकीवर पिवळा ठिपका चिकटवला, एकीवर निळा. कोणाची कुठली, ते फक्त त्याला ठाऊक.

पुढे जे पाहिलं ते सांगण्यासाठीच खरं तर लिहायला बसले. काचेच्या पट्टीत केसासारखे बारीक पाट कोरलेले असतात. त्यांच्या तळाला कोलॅजेन लावलेलं, म्हणजे खरवडलेली रक्तवाहिनीच म्हणा. एक पाट तसाच ठेवायचा, दुसऱ्यात आधी पेप्टाइड सोडायचा. मग पंप रक्त ओढू लागतो आणि सूक्ष्मदर्शकातलं सगळं पडद्यावर दिसतं. प्लेटलेट्सना हिरवा रंग दिलेला असतो.

आधी पिवळी. साध्या पाटात एक हिरवा ठिपका थबकला, मग दुसरा, आणि बघता बघता त्यांच्याभोवती झुंबड. बुफेला पहिला माणूस जिलबीपाशी थांबला की मागे जे होतं तेच. काळ्या पडद्यावर हिरव्या टेकड्या उभ्या राहिल्या. शेजारच्या पेप्टाइडच्या पाटात मात्र हिरवे ठिपके नुसते सरसरत निघून जात होते. सागर म्हणाला, "काय चकाचक आहे बघा." केतकी खुर्चीत ताठ बसली.

मग निळी. साध्या पाटात ठिपके आले, चिकटले, आणि तेवढ्यावरच राहिले. एक पातळ थर झाला. टेकड्या काही होईनात. केतकीने पट्टी बदलली, पुन्हा रक्त सोडलं. पुन्हा तेच.

"चिकटतायत, पण हाका मारत नाहीयेत," ती म्हणाली. "हे ऍस्पिरीन आहे."

तिने खुर्ची फिरवली आणि आम्हा दोघांकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्त, कारण दिवसभर एसटीत बसून आलेली मी होते. "बसमध्ये कोणी काही दिलं का गं मावशी? डोकं दुखतंय म्हणून?"

मला राग आला. मी तिला मंगळवारपासून काय काय खाल्लं ते क्रमाने सांगू लागले. बुधवारच्या आंबोळ्यांपर्यंत आले तेव्हा भाऊजी म्हणाले, "शुभा, थांब. निळी माझी असणार."

सागरने मान हलवली. त्यांचीच होती.

भाऊजी हळूहळू बोलू लागले. कट्ट्याच्या डब्यातला डावा कप्पा. नानांना डॉक्टरांनी स्टेंटनंतर रोजची गोळी दिली होती. नानांना ती इतकी मानवली की त्यांनी सगळ्यांसाठीच आणायला सुरुवात केली. बदामाबरोबर एक घ्यायची. कट्ट्यावर याला कोणी औषध समजत नव्हतं.

"सगळे घेतात," भाऊजी म्हणाले.

"सगळे शिमल्याला गेले तेव्हा तुम्ही गेलात का?" ताईने विचारलं. "तुम्ही कशासाठी घेता?"

ते हाताच्या कोपरावरचा कापूस दाबू लागले. मग म्हणाले, दिवाळीपासून जिना चढताना छातीवर कोणीतरी हात ठेवल्यासारखं होतं. थांबलं की जातं.

मला दुसऱ्या मजल्यावरचा सूचनाफलक आठवला.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू घाबरली असतीस."

डॉक्टर मेघना उठल्या, त्यांनी भाऊजींचा रक्तदाब बघितला, दोन-चार प्रश्न विचारले आणि फोन लावला. उद्या नाही, परवा नाही, आत्ता हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचं, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. सागर रिक्षा बघायला पळाला.

केतकीने निळी नळी बाजूला ठेवली. ती आता हिशेबात धरता येणार नव्हती. एक रक्त पुन्हा कमी पडलं होतं आणि पंप उद्या संध्याकाळी जाणार होता. सागर परत आला तेव्हा त्याने हळूच विचारलं, दुसरं कोणी बघू का? त्याने स्वतः परवाच दातासाठी गोळी घेतली होती. केतकी पर्स उचलत म्हणाली, "राहू दे रे. आधी बाबांचं बघू." तिच्या तीन वर्षांबद्दल ती एवढंच बोलली.

ताई दारापर्यंत गेली होती. तिथून वळून म्हणाली, "मी कुठलीच गोळी घेत नाही."

ते खरं होतं. ताईचा गोळ्यांवर विश्वास नाही. तिच्याकडे ओवा असतो, सुंठ असते, नाहीतर अंगावर काढायचं असतं. पण तिला कोणी विचारलंच नव्हतं. मी याद्या करणारी, मलाही सुचलं नव्हतं.

"आई, सुई असते," केतकी म्हणाली.

"माहितेय मला. उद्या सकाळी येते. बघू कोण घाबरतं."

निघताना मी डॉक्टर मेघनांना एक सुचवलं. प्रश्न विचारताना एकेकाला आत बोलवा. नवरा-बायकोला एका कोचावर बसवून खरं उत्तर मिळत नाही, हे मी लग्नाच्या बोलण्यांत पुष्कळ पाहिलंय. त्यांनी ते लगेच लिहून घेतलं.

ठाणे, शनिवार

भाऊजींना हॉस्पिटलने ठेवून घेतलं. दुपारी मनगटातून नळी घालून हृदयाच्या वाहिन्या बघायच्या होत्या. ते पलंगावर बसून शेजारच्या रुग्णाला कोयनेचं पाणी समजावत होते, म्हणजे ठीक होते. ताई रात्रभर खुर्चीवर बसली होती. सकाळी तिने तोंड धुतलं, इडल्या खाल्ल्या आणि आम्ही दोघी वागळेला निघालो. रिक्षात ती एकदाच बोलली, तेही रिक्षावाल्याशी, "भाऊ, खड्डा बघून."

तिला एकटीलाच आत बोलावलं. नंतर कळलं, डॉक्टरांनी आल्याच्या काढ्याबद्दलसुद्धा विचारलं. पावसाळ्यानंतर घेतला नव्हता.

सुईच्या वेळी मी तिला खिडकीतून गिअरचा कारखाना बघ म्हटलं. ती नको म्हणाली. तिने शेवटपर्यंत सुईकडेच पाहिलं. ओठ पांढरे पडले होते, पण पडली नाही. झाल्यावर कोपरावर गोल पट्टी लावून घेतली, पाणी प्यायली आणि हॉस्पिटलला परत गेली. निकाल बघायला थांबली नाही. म्हणाली, "माझं रक्त तू बघ, मी त्यांचं बघते."

म्हणून मी बघितलं. साध्या पाटात टेकड्या उठल्या, माझ्यापेक्षा उंच. सागर म्हणाला, काकूंच्या प्लेटलेट्स जरा तापटच आहेत. पेप्टाइडचा पाट स्वच्छ. केतकीने प्रवाह वाढवला. स्वच्छ. आणखी वाढवला. स्वच्छ. मग सगळ्यात जोराचा, अरुंद झालेल्या नळीत असतो तसा. बराच वेळ काही नाही, आणि मग एका कडेला हिरवा ठिपका थबकला. त्याच्याशेजारी आणखी दोन.

मला वाटलं, झालं, बुडालं. पण केतकी पडद्याला नाक लावून बघत होती आणि तिचा चेहरा पडलेला नव्हता. रुमाल टिकतो, आणि उडतो तर कुठल्या जोराला उडतो तेही कळलं, असं तिने सांगितलं. तिथे पकड घट्ट करायला माळेत कुठला मणी बदलायचा याचा तिला अंदाज आला होता. कंपनीला दाखवायला एवढं पुरेसं होतं. "बाबांना सांगायला हवं," ती म्हणाली. "पाणी सोडल्यावरच कळतं."

तेवढ्यात ताईचा फोन आला. एक वाहिनी निम्मी अरुंद. आत्ता फुगा नको, स्टेंट नको, औषधं आणि पथ्य. केतकीने फोन ठेवला, तोंडावरून हात फिरवला आणि मग आम्ही पंप खोक्यात भरायला लागलो. न्यायला टेम्पो वेळेवर आला, ही वागळे इस्टेटमधली त्या दिवसाची दुसरी आश्चर्याची गोष्ट.

डोंबिवली, रविवार

डॉक्टरांनी भाऊजींना लिहून दिलेल्या औषधांत पहिली कोणती, तर नानांच्या डब्यातलीच. गोळी बरोबर होती, घेण्याची तऱ्हा चुकीची होती, असं डॉक्टर म्हणाले. ज्याला गरज आहे त्याला ती तारते. ज्याला नाही, त्याच्या पोटात रक्तस्राव करू शकते. शिवाय भाऊजी गोळी घेतोय म्हणजे काळजी घेतोय अशा समजुतीत राहिले आणि दिवाळीपासूनचं दुखणं अंगावर काढलं, ते वेगळंच.

हे कट्ट्याला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी बाहेरची, दुसऱ्या दिवशी निघणार, म्हणजे वाईटपणा घ्यायला योग्य. सकाळी गेले आणि सगळं सरळ सांगितलं. कोणी हसलं नाही. एका काकांनी बाही वर करून हातावरचे निळे डाग दाखवले. ते वयामुळे आलेत असं त्यांना वाटत होतं. आज डॉक्टरांकडे जातो म्हणाले.

नाना करमरकर डबा मांडीवर घेऊन बसले होते. "मी वाचलो हो त्याने," ते म्हणाले. "म्हणून सगळ्यांना देत होतो. स्वतः जाऊन आणायचो."

त्यांच्यावर रागवायचं ठरवून गेले होते, ते जमलं नाही. मी म्हटलं, डबा बंद करू नका, फक्त डाव्या कप्प्यात बडीशेप भरा. आणि मग मी बदाम घेतला. चांगला भिजलेला होता.

पुन्हा खोपट

माझं आरक्षण रविवारचं होतं. भाऊजी घरी येईपर्यंत थांबायचं म्हणून ते सोडलं आणि सोमवारच्या गाडीला जागा मिळाली नाही. केतकी तिचे निकाल साहेबांना दाखवायला गेली होती. ताई आणि भाऊजी सोडायला आले. माझी बॅग कोणी उचलायची यावर घरी, रिक्षात आणि डेपोत तीनदा वाद झाला आणि तिन्ही वेळा ताई जिंकली.

चिपळूणची गाडी वळण घेऊन आत आली. लोक सरसावले. भाऊजींनी सवयीने खिशातून रुमाल काढला, घडी केली आणि एक पाय पुढे टाकला. ताईने तो त्यांच्या हातातून काढून घेतला, त्या हातात माझी पाण्याची बाटली दिली आणि ओढणी खांद्यावरून कमरेला बांधली.

मला वाटलं ती कोणाला तरी सांगेल. ती स्वतः धावली. गाडीबरोबर, गर्दीच्या कडेने, कोपरावर ती गोल पट्टी घेऊन. पहिल्या खिडकीची काच बंद होती, रुमाल आपटून परत आला. तिने तो पडता पडता झेलला आणि दुसऱ्या खिडकीत भिरकावला. गेला आत.

मी चढले तेव्हा पुढचा माणूस त्या सीटपाशी पोहोचला होता. त्याने रुमाल पाहिला, सुस्कारा सोडला आणि मागे गेला. मी बसले आणि खिडकीतून रुमाल खाली दिला. ताई कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती. भाऊजींनी बाटलीचं झाकण उघडून तिच्यापुढे धरलं.

"दम लागला ना?"

"लागला," ताई म्हणाली. "बघा, सांगितलं लगेच."